नकाशात नसलेलं शेत

बाई निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच महिन्यात त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "आपण सायकलवर जायचं." पस्तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईंचं 'जायचं' म्हणजे शाळेची घंटाच. एकदा झाली की झाली. मुलं पाठीमागे त्यांना फूटपट्टी म्हणायची. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. फूटपट्टी निदान सरळ तरी असते, असं त्या म्हणायच्या.

नवऱ्याला सगळे आप्पा म्हणत. वजनकाटे दुरुस्त करणं हे त्यांचं काम. महिन्यातून चार दिवस ते गावोगावच्या बाजारांत फिरायचे, काटे तपासायचे आणि प्रत्येक काट्यावर तारखेची चिठ्ठी डकवायचे. स्वभावानं अगदी लोणी. घरात आवाज चढायची चिन्हं दिसली, की आप्पांना नेमकं बाहेरचं काम आठवायचं.

सफरीचं कारण साधं होतं. परसात लावलेले टोमॅटो सलग तीन वर्षं किडींनी फस्त केले होते आणि बाईंना विषारी फवारा मारायचा नव्हता. तेव्हा जे लोक तसा फवारा न मारता शेती करतात, त्यांच्याकडेच जाऊन शिकायचं ठरलं. सतरा दिवस, चौदा छोटी शेतं. प्रत्येक ठिकाणी एक मुक्काम आणि त्या बदल्यात दोन तास अंगमेहनत. नकाशावर लाल पेनानं गोल आप्पांनीच काढले होते.

आठ शेतं छान पार पडली. कुठे बाईंनी शेणखताचा ढीग उलटापालटा केला, कुठे पानांवरच्या अळ्या चिमटीनं वेचल्या. रोज वहीत दोन पानं भरली. नवव्या दिवशी मात्र पुढच्या शेतकऱ्याचा निरोप आला, की बायकोला दवाखान्यात ठेवलंय, येऊ नका. आता कुठे जायचं, असं बाईंनी आळंबीवालीला विचारलं. रात्री दोघं तिच्याच आळंबीच्या शेतावर राहिली होती.

"वरच्या चढावर एक तरुण जोडपं आहे," ती म्हणाली. "गाजरं लावतात, शेळ्या आहेत. त्यांच्यासारखं खत या भागात कुणाला जमत नाही. फोन लागत नाही तिथे, पण थेट जा. माणसं फार चांगली आहेत."

आप्पा चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबले. "चढ फार आहे. माझा गुडघा कालपासून कुरकुरतोय."

"काल तर तुम्ही माझ्या पुढे होतात."

"म्हणूनच कुरकुरतोय."

बाईंनी वही बंद केली, म्हणजे विषय संपला.

त्या दिवशी आप्पांच्या सायकलला काय झालं होतं कोण जाणे. तासाभरात दोनदा साखळी उतरली. मग चाकात हवा कमी वाटली. मग घोटभर पाणी, मग बुटाची नाडी. बाईंना वाटलं, वय झालं. आपण उगीच फरफटत आणलं यांना, अशी टोचणीही लागली. शेवटच्या वळणावर आप्पा सायकलवरून उतरून उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, ऐक जरा." पण पुढे बोलेचनात. बाई म्हणाल्या, "वर पोचल्यावर बोला, इथे दम घालवू नका."

फाटक उघडंच होतं. बाई आत शिरल्या, तोच शेडमागून एक करडं कुत्रं भुंकत आलं. बाई जागच्या जागी थिजल्या. कुत्र्यानं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते त्यांना ओलांडून थेट आप्पांकडे धावलं, दोन्ही पंजे त्यांच्या छातीवर टेकवले आणि कण्हत कण्हत त्यांची हनुवटी चाटू लागलं. आप्पा एका हातानं सायकल सावरत उभे होते. दुसरा हात आपसूक कुत्र्याच्या कानामागे गेला आणि तिथली नेमकी जागा खाजवू लागला.

"ओळखीचं दिसतंय," बाई म्हणाल्या.

आप्पांनी सायकल फाटकाला टेकवली.

अंगणात कुणी नव्हतं. कुणी दिसतंय का बघावं, म्हणून बाई शेडमध्ये डोकावल्या. गाजरांच्या पेट्या, टांगलेली फावडी, आणि दाराशीच टेबलावर वजनकाटा. काट्यावर पिवळी चिठ्ठी. तारीख मागच्या महिन्याची. तारखेतला सात पोटावर आडवी रेघ मारलेला. असा सात लिहिणारा त्यांच्या ओळखीत एकच माणूस होता. पस्तीस वर्षं किराणा मालाच्या यादीत त्यांनी तो सात पाहिला होता.

त्या मागे वळणार, तेवढ्यात शेडच्या पलीकडून बारीक आवाज आला, "बाबा, आबा आले."

मातीनं माखलेली, चारेक वर्षांची मुलगी कोपऱ्यावरून पळत आली आणि अनोळखी बाई पाहून थबकली. तिच्यामागून रिकामी बादली घेऊन तिचा बाप आला. दाढी वाढलेली, खांदे रुंद झालेले, उन्हानं रापलेला. बाईंनी त्याला चालीवरून ओळखलं. डावं पाऊल किंचित आत पडायचं, लहानपणी त्यासाठी खास बूट करून घेतले होते.

आठ वर्षांपूर्वी हा मुलगा एका पहाटे घरातून निघून गेला होता. अठराचा होता.

बाईंचा हात टेबलाची कड शोधू लागला. डोक्यात काहीच येईना. रडू नाही, राग नाही, काही नाही. फक्त कानात शिट्टीसारखा एक आवाज, आणि समोर तो सात.

"पाणी घे, आई," मुलगा म्हणाला. बादली खाली ठेवून त्यानं माठातलं पाणी पुढे केलं.

बाईंनी त्याच्याकडे नाही, फाटकाकडे पाहिलं. "कधीपासून?"

"पाच वर्षं," आप्पा तिथूनच म्हणाले.

"दर महिन्याला?"

"हो."

बाईंनी हिशेब केला. त्या अवस्थेतही केला, सवयच ती. "साठ वेळा. साठ वेळा तुम्ही इथून घरी आलात, मी दारात विचारलं, काही कळलं का त्याचं, आणि तुम्ही म्हणालात, नाही."

"त्यानं अट घातली होती. तुला सांगितलं तर इथूनही जाईन, म्हणाला. मी घाबरलो."

आवाज ऐकून सून घरातून बाहेर आली. तिनं बाईंना हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. सून म्हणजे काय, बाई तिला जन्मात पहिल्यांदाच पाहत होत्या. लांबलचक टेबल, चुलीवर बटाट्याचं सूप, खिडकीत रोपांचे ट्रे. भिंतीवर आप्पांचा कोट अडकवायची खुंटीसुद्धा ठरलेली असावी. येताच त्यांनी न बघता कोट तिथे टांगला. बाईंनी ते पाहिलं.

मुलगा समोर बसला. आधी बाईच बोलल्या, कारण हे वाक्य त्यांनी आठ वर्षं घोळवलं होतं. "कॉपीची चिठ्ठी तुझी नसेल, तर मी चुकले. मला तसं म्हणायचं होतं. तू भेटला नाहीस."

ती चिठ्ठी शेवटच्या परीक्षेतली. पर्यवेक्षक ऐनवेळी आजारी पडले, म्हणून बाईंना नेमकं त्याच वर्गात पाठवलं होतं. मुलाच्या बाकाखाली कागद सापडला. माझा नाही, असं तो म्हणाला. बाईंनी त्याचा नंबर लिहून अहवाल दिला आणि त्याचं वर्ष गेलं. बरोबर केलं, असं सगळी शाळा म्हणाली. आणि आठ वर्षं दर रात्री त्यांना वाटत राहिलं, पोरगं खरं बोलत असलं तर?

"चिठ्ठी माझीच होती," मुलगा म्हणाला.

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या.

"तू अहवाल दिलास, त्याचं मला काही नाही, आई. मी दुसऱ्या कुणाच्या वर्गात सापडलो असतो, तरी तेच झालं असतं. पण त्या संध्याकाळी तू जेवायला वाढलंस. भाजी हवी का, विचारलंस. दुसऱ्या दिवशीही तसंच. तीन आठवडे तू माझ्याशी मीठ, भाजी, टॉवेल यांच्यापलीकडे एक शब्द बोलली नाहीस. ओरडली असतीस, मारलं असतंस, तर मी राहिलो असतो. मला वाटलं, या घरात माझं काम संपलं."

बाईंना ते तीन आठवडे आठवत होते. आपण त्या दिवसांत फार संयमानं वागलो, अशी त्यांची समजूत होती. त्याचा त्यांना मनातून अभिमानही होता.

"मला बोलता येत नव्हतं," त्या म्हणाल्या. "तोंड उघडलं की मी रडेन, असं वाटायचं."

"मग रडायचं ना."

सुनेनं सूप पुढे ठेवलं. बाईंनी चमचा उचलला. नात टेबलाखालून येऊन त्यांच्या बुटांचे बंद सोडत बसली. तिला कुणी उठवलं नाही.

सकाळी बाईंनी आप्पांची सायकल फाटकापाशी आणून उभी केली. पिशव्या बांधलेल्या, वही वर खोचलेली.

"उरलेली पाच शेतं तुम्ही करा. वहीत नीट लिहा. आठ दिवसांनी या."

"आणि तू?"

"मी इथे आहे."

"रागावली आहेस का?"

"अजून कळत नाही मला काय झालंय ते," बाई म्हणाल्या. ते अगदी खरं होतं. रात्रभर त्या छताकडे बघत पडल्या होत्या आणि बाजूच्या खोलीतला मुलाचा खोकला ऐकत होत्या.

मग त्या गाजरांच्या वाफ्यात गेल्या. मुलगा निंदत होता. त्या त्याच्या शेजारच्या ओळीत बसल्या आणि दोन रोपं उपटली.

"आई, ती गाजरं आहेत."

"मग आधी सांगायचं."

"सांगतोय की."

आप्पा आठव्या नाही, पाचव्याच दिवशी परत आले. दोनच शेतं पाहिली होती, वहीत अर्धं पान, तेही पावसापाण्याबद्दल. बाई तेव्हा शेळ्यांना चारा टाकत होत्या. त्यांनी वही हातात घेतली, ते अर्धं पान वाचलं, आणि मग त्यांचा आवाज चढला. गोठ्यातल्या शेळ्या खायच्या थांबल्या. साठ वेळा, साठ वेळा, असं त्या म्हणत होत्या. खोटं, कोट, खुंटी, नातीचा पहिला दात, सगळं निघालं. मधेच त्या रडायलाही लागल्या, पण बोलायच्या थांबल्या नाहीत.

आप्पांनी एकदा फाटकाकडे पाहिलं. पण गेले नाहीत. टोपी हातात धरून, मान खाली घालून, शेवटपर्यंत तिथेच उभे राहिले.