गरम भांडे उघडू नये

चाकानंतर माणसाने लावलेला एकमेव खरा शोध म्हणजे कॉफीचा विजेवरचा पर्कोलेटर. मधल्या काळात जे काही झालं, तो नुसता वेळकाढूपणा होता.

हे विधान माझ्या भाऊजींनी स्वयंपाकघरात, कमरेवर हात ठेवून केलं. आम्ही सगळे, म्हणजे मी आणि ताई, त्या चकचकीत भांड्याकडे आदराने पाहत उभे राहिलो. भांड्यातून काहीच आवाज येत नव्हता.

"उत्तम यंत्राची हीच खूण," भाऊजी म्हणाले. "आवाज नाही."

आम्ही आणखी थोडा वेळ तो नसलेला आवाज ऐकला. मग ताईने ओट्यामागे हात घालून भिंतीवरचं बटण दाबलं आणि ती कपडे वाळत घालायला निघून गेली.

भाऊजी बॉयलर तपासनीस होते. साबणाचे कारखाने, इस्पितळांच्या धुलाईखोल्या, बेकऱ्या, जिथे जिथे वाफ कोंडलेली असे तिथे ते बॅटरी आणि हातोडी घेऊन जात. बॉयलरच्या पोटावर टकटक करत, कान लावत, आणि मग मालकाकडे असे काही बघत की बॉयलरच्या आधी मालकालाच घाम फुटे. त्यांच्या अख्ख्या नोकरीत एकही बॉयलर फुटला नाही. याचं श्रेय ते स्वतःकडे घेत नसत. ते एका नियमाला देत. हा नियम त्यांनी स्वतःच केला होता, हा भाग वेगळा. तांबड्या रंगात, हातभर अक्षरांत, तो त्यांनी भिंतीभिंतींवर लिहून घेतला होता: गरम भांडे उघडू नये. आधी निवू द्यावे.

निवृत्त झाले तेव्हा कचेरीतल्या लोकांनी त्यांना हा पर्कोलेटर दिला. देताना कोणीतरी म्हणालं, "साहेब, घरी करमणार नाही तुम्हाला. हा घ्या छोटा बॉयलर." तो गमतीने म्हणाला होता. भाऊजींनी गंमत तेवढी सोडून बाकीचं सगळं ऐकलं.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच दुपारी त्यांना कळलं की चार वाजले की ताई चपला घालते आणि खाली जाते. खालच्या मजल्यावर कपडे शिवणाऱ्या एक बाई राहतात. ओठांत टाचण्या धरून बोलायची सवय असल्याने अख्खी इमारत त्यांना टाचणीबाई म्हणते. त्यांनाही हे ठाऊक आहे, पण तोंडात टाचण्या असल्यामुळे हरकत घेता येत नाही. ताई त्यांच्याकडे चारची कॉफी घेते आणि दिवे लागले की वर येते. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं, आणि भाऊजी वर्षानुवर्षं कुठल्या ना कुठल्या बॉयलरच्या पोटात असल्यामुळे त्यांना याचा पत्ता नव्हता.

"रोज जातेस?"

"रोज."

"मी कामावर होतो तोवर ठीक होतं. पण आता मी घरात आहे ना?"

"तेच तर," ताई म्हणाली आणि तिने दुसऱ्या पायातली चप्पल घातली.

मी ताईचा धाकटा भाऊ. पलीकडच्याच गल्लीत राहतो आणि मलाही फारसं काही काम नसतं, त्यामुळे पुढचं सगळं मी जवळून पाहिलं. चार वाजले की भाऊजी बाहेरच्या खोलीत एकटे बसत. मग फरशीतून हसणं वर येई. आधी ताईचं, मग टाचणीबाईंचं, मग दोघींचं मिळून. फरशीला कान लावणं भाऊजींच्या हुद्द्याला शोभलं नसतं, म्हणून ते खुर्चीखाली पडलेला मोजा उचलायला वाकत. तो मोजा ते सकाळीच तिथे टाकून ठेवत.

"त्या माझ्यावर हसतात का रे?" त्यांनी मला एकदा विचारलं.

"छे हो," मी म्हटलं.

दुसऱ्या कोणावर हसणार?

मग भाऊजींनी विचार केला, आणि विचार करायला वेळ भरपूर असल्याने तो पक्का केला. ताई खाली कशाला जाते? कॉफीला. घरातच खालच्यापेक्षा चांगली कॉफी मिळाली तर ती कशाला जाईल? मुळीच जाणार नाही. त्यांनी खिडकीजवळ एक खुर्ची मांडली, तिच्यावर घरातली बऱ्यापैकी उशी ठेवली, आणि समोर स्वतःची खुर्ची ठेवली. खुर्च्या आल्या, माणूस यायचा राहिला.

"रविवारी चारला मी वर थांबते," ताईने शेवटी कबूल केलं. "तुमची कॉफी पिण्यासारखी झाली तर सोमवारपासून रोज तीच. नाही झाली तर ते भांडं माळ्यावर जाईल आणि माझा कुकर खाली येईल."

कुकरचं असं झालं होतं की, घरी बसायला लागल्याच्या पहिल्या आठवड्यातच भाऊजींनी त्याची शिटी तपासली, मान हलवली आणि त्यालाही सेवानिवृत्त केलं.

भाऊजी कामाला लागले. मान्य करायला हवं, मेहनत त्यांनी केली. दाणे ते स्वतः आणत, दुकानदाराला दाण्यांचा वास घ्यायला लावत आणि मग त्याच्यावर विश्वास न ठेवता स्वतः घेत. दळताना पूड बारीक झाली की ती भांड्यातल्या टोपलीच्या भोकांतून खाली पडते आणि कॉफीत गाळ येतो, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. तेव्हापासून रव्याहून जाड भरड. पाणी गारच घ्यायचं, आणि टोपलीच्या खालीच राहील इतकं. टोपली आधी ओली करायची. मधली नळी बाटली धुवायच्या ब्रशने रोज घासायची. भांडं सुरू झालं की खालचं पाणी तापून त्या नळीतून वर उडतं, टोपलीतल्या पुडीवर पडतं, झिरपून खाली येतं आणि पुन्हा वर जातं. झाकणावरच्या काचेच्या बोंडीतून हे सगळं दिसतं. भाऊजी ते गुडघ्यांवर हात ठेवून बघत, नवं बाळ बघावं तसं. रंग पुरेसा गडद झाला की बाजूचा लाल दिवा लागे.

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. दिवा लागला की भाऊजी बटण बंद करत, मागे सरत, आणि भांडं निवेपर्यंत त्याला कोणाला हात लावू देत नसत.

त्यासाठी त्यांनी स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने एक रेघ मारली होती. भांडं गरम असताना रेघेच्या आत अनधिकृत व्यक्तीला बंदी. अनधिकृत व्यक्ती म्हणजे ताई.

"अहो, फोडणी करपतेय माझी."

"भांडं निवू दे."

"तुमचं भांडं निवेपर्यंत माझ्या भाजीचा कोळसा होईल."

"कोळशाने इजा होत नाही," भाऊजी म्हणाले. "वाफेने होते."

भांडं निवलं की झाकण उघडायचं, कॉफी पातेल्यात पुन्हा गरम करायची, आणि पहिला कप मला. तोवर ती भिजलेली पूड आत आपला सगळा राग काढून मोकळी झालेली असे. मी पहिला घोट घेतला त्या दिवशी माझा डावा डोळा आपोआप मिटला.

"कशी आहे?"

"जरा... ठाम आहे."

"कडू?"

"कडू नाही म्हणता येणार. कडूला काहीतरी मर्यादा असते."

भाऊजींनी दाणे बदलले. मग पाणी बदललं. मग विजेच्या दाबावर संशय घेतला. मग माझ्या जिभेवर. "तुला चवीचं काय कळतंय, तू गार चहासुद्धा पितोस," ते म्हणाले. मी पितो, कारण ताईकडे मला कोणी गरम देत नाही.

शनिवारी त्यांनी मला खाली पाठवलं. "सहज गेल्यासारखा जा," ते म्हणाले. "आणि कोणती कॉफी आहे ते बघून ये. दाणे कुठले, भांडं कुठलं, सगळं."

मी सहज गेलो. टाचणीबाईंच्या खोलीत मशीन, कापडांचे गठ्ठे आणि शिवायला आलेल्या कोटांनी अडवलेल्या दोन खुर्च्या. ताई एका गठ्ठ्यावर बसून कुणाच्या तरी शर्टाला बटणं लावत होती. टाचणीबाईंनी बाटलीतली तयार पावडर दुधात ढवळली आणि दोन कप भरले. एकाचा कान तुटलेला होता. तिसरा कप नव्हता, म्हणून मला वाटीत दिली. कॉफी कोमट दुधासारखी लागत होती. नीट लक्ष दिलं तर मागून कॉफी आल्यासारखी वाटायची.

"वरचे अधिकारी काय म्हणतात?" टाचणीबाईंनी ओठांतल्या टाचण्या न हलवता मला विचारलं.

"तपासणी चालू आहे," मी म्हटलं.

मग ताईने उठून, इस्त्रीला बॉयलर समजून, तिच्यावर बोटाने टकटक करून, कान लावून, भुवया चढवून दाखवल्या. टाचणीबाई इतक्या हसल्या की टाचण्या जमिनीवर पडल्या. आम्ही तिघं त्या वेचत बसलो. नंतर मलाही एक शर्ट मिळाला, बटणं लावायला.

"पावडर आहे," मी वर जाऊन सांगितलं.

"पावडर?" भाऊजी खुर्चीत बसले. "बाटलीतली?"

"बाटलीतली."

"माझी बायको रोज बाटलीतल्या पावडरसाठी जिना उतरते?" त्यांना खरंच लागलं. त्या संध्याकाळी त्यांनी नळी दोनदा घासली.

रविवार आला. भाऊजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दाणे ताजे, भरड जाडसर, पाणी गार, रेघ नव्याने मारलेली. खिडकीजवळच्या खुर्चीवरची उशी त्यांनी थोपटून फुगवली. ताई रेघेच्या बाहेर हाताची घडी घालून उभी, मी तिच्या शेजारी. बोंडीत तपकिरी पाणी उड्या मारत होतं. वास छान सुटला. तो नेहमीच छान सुटायचा, फसवणूक नंतर व्हायची.

लाल दिवा लागला. भाऊजींनी बटण बंद केलं आणि दोन पावलं मागे आले. "आता कोणी हलायचं नाही."

आम्ही हललो नाही. खालून छताला टकटक ऐकू आली. टाचणीबाई लाकडी मोजपट्टीने विचारत होत्या, आज काय झालं म्हणून.

"अजून किती वेळ?" ताईने विचारलं.

"निवू दे."

"निवू दे? कॉफी?"

"गरम भांडं..."

"उघडू नये. माहितीये. झोपेतसुद्धा म्हणता." पुन्हा टकटक झाली. "ती बिचारी माझ्यासाठी ताटकळलीय तिकडे. व्हा बाजूला."

आणि ताई रेघ ओलांडून आत गेली. तिने फडकं घेतलं आणि झाकणाला हात घातला.

"मागे हो!" भाऊजी ओरडले. त्यांनी ताईकडे झेप घेतली, पण तोवर झाकण निघालं होतं. मग त्यांच्यातल्या तपासनिसाने निदान एक जीव वाचवायचं ठरवलं, माझी कॉलर धरली आणि मला घेऊन ते फ्रिजमागे शिरले. फ्रिजमागे इतकी धूळ असते हे मला त्या दिवशी कळलं.

भांड्यातून थोडीशी वाफ आली आणि खिडकीकडे गेली. बस.

"आणि हा चोथा कशाला आत कोंडून ठेवता?" ताईचा आवाज आला. "चहाची पत्ती कोणी पातेलं निवेपर्यंत ठेवतं का?" तिने नळीसकट टोपली उचलून मोरीत ठेवली. मग तीन कप भरले. "या बाहेर. धोका टळलाय."

आम्ही बाहेर आलो. भाऊजींच्या इस्त्रीच्या शर्टावर जळमटं लागली होती. त्यांनी कप हातात घेतला, नाकाजवळ नेला, घोट घेतला, आणि तो गिळायचंच विसरल्यासारखे उभे राहिले. मीही घेतला. माझा डावा डोळा उघडाच राहिला. गरम, दाट, स्वच्छ, आणि कडवटपणा असा की आणखी एक घोट घ्यावासा वाटावा. इतके दिवस ही कॉफी त्या भांड्यात रोज तयार होत होती, आणि आम्ही तिला रोज आतच बिघडवत होतो.

भाऊजींनी घोट गिळला. "जमलं मला," ते म्हणाले.

"जमलं हो," ताई म्हणाली. तिने हसू कपामागे ठेवलं.

"नियम चुकीचा नाही. पण लहान भांड्यांना तो लागू नाही, असं मी आजपासून जाहीर करतो. तुझा कुकरही..." त्यांनी माळ्याकडे पाहिलं. "कुकरचं बघू." त्यांनी खिडकीजवळची खुर्ची ताईसाठी थोडी मागे ओढली. त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर राहिला.

ताईने ती खुर्ची पाहिली, उशी पाहिली, आणि कप पूर्ण रिकामा केला.

"चांगली झालीय," ती म्हणाली. "अगदी खरं सांगते. शब्द म्हणजे शब्द. उद्यापासून रोज हीच कॉफी."

भाऊजींचा चेहरा उजळला. खालून पुन्हा टकटक झाली. ताईने फडताळातून थर्मास काढला, झाकण फिरवून उघडलं आणि त्यांच्या हातात दिला.

"हे काय?"

"अहो, मी तिच्याकडे कॉफीसाठी जाते असं तुम्हाला कोणी सांगितलं? तिची कॉफी पिऊन मी अजून धडधाकट आहे हेच नवल. आजची बटणं लावायची राहिलीयत सगळी." ती दाराकडे गेली आणि चपला शोधू लागली.

भाऊजी हातात रिकामा थर्मास घेऊन त्या खुर्चीजवळ उभे राहिले. मी खडूच्या रेघेकडे बघत राहिलो. दुसरीकडे बघण्यासारखं काही नव्हतं.

ताई दारातून वळली.

"भरा ना थर्मास, बघत काय राहिलात? आणि खाली येताना तुमचा कप घेऊन या. तिच्याकडे दोनच आहेत."