माझी एकशे नऊ

मित्रांनो, मी एक जुनी रोहू आहे. रोहू म्हटल्यावर तोंडाला पाणी सुटलं असेल, तर ते आधी गिळा आणि मग ऐका. माझ्या पाठीत तांदळाच्या दाण्याएवढी चिप टोचलेली आहे. नंबर सतरा. निपाणीच्या अलीकडं मत्स्यबीज केंद्र आहे, तिथल्या कामाच्या टेबलाशेजारच्या टाकीत मी राहते, म्हणून सगळं माझ्या कानावर पडतं.

मी तीन वर्षांची असताना तळ्यात माशांच्या उवा झाल्या. त्या अंगाला चिकटून रक्त पितात. माझ्या बरोबरीच्या निम्म्या मासळ्या पोट वर करून तरंगल्या. माझ्या अंगावर दोन चिकटल्या, त्याही चार दिवसांत सुटल्या. ते केंद्रात काम करणाऱ्या प्रियदर्शनीनं पाहिलं. ही निपाणीचीच. आजीनं तंबाखूच्या वखारीत जन्म काढला आणि नात माशांच्या अनुवंशाचा अभ्यास करते. तिनं मला ओल्या टॉवेलात धरलं आणि म्हणाली, "बाई गं, तुझ्यात काय हाय, ते मला शोधायचंच हाय."

त्यासाठी नकाशा लागतो. गावाचा नव्हे, अंगातल्या गुणसूत्रांच्या धाग्यांचा. माझ्या आईकडून आलेला एक धागा, बापाकडून आलेला एक. अंडं तयार होताना हे दोन धागे शेजारी येतात, कुठंतरी तुटतात आणि तुकड्यांची अदलाबदल करून जोडले जातात. माझ्या पिलांच्या बापाच्या अंगातही असंच होतं. धाग्यावरच्या दोन खुणा जवळ असतील तर बहुतेक वेळा एकाच पिलात जातात, लांब असतील तर सुटतात. शंभरेक पिलांत किती वेळा सुटल्या ते मोजायचं, की कोणती खूण कुठं आहे ते कळतं. मात्र सगळी पिलं एकाच आईची आणि एकाच बापाची हवीत.

माझी एकशे वीस पिलं वेगळ्या हाप्यात, म्हणजे तळ्यात बांधलेल्या जाळीच्या पिशवीत, वाढवली. त्यांची राखण तळ्यावर कामाला असलेल्या गुणाबाईकडं होती. पिलं बोटाएवढी झाल्यावर प्रियदर्शनीनं प्रत्येकाच्या पराचा कण कापून नंबराच्या बाटलीत स्पिरिटमध्ये ठेवला आणि उवा सोडलेल्या पाण्यात कुणाला किती चिकटतात तेही त्याच नंबरावर लिहिलं. बाटल्या प्रयोगशाळेत गेल्या आणि महिन्यानं उत्तर आलं.

केंद्राचे प्रमुख विक्रमसाहेब कागद बघून तडकले. "अकरा पिलांत अशा खुणा आहेत, ज्या आईतही नाहीत आणि बापातही नाहीत. वर आईकडची अदलाबदल बापाच्या दीडपट! सगळं घोटाळ्याचं आहे. हे कुटुंब रद्द करा मॅडम. आणि सतरा नंबर आता म्हातारी झाली, सोमवारी बाजारात काढा."

म्हातारी! माझ्या अंगाची अशी आग झाली म्हणून सांगू. मी शेपटीचा एक फटका दिला आणि त्यांचा चष्मा भिजवला. बरं केलं.

प्रियदर्शनी टाकीसमोर उभी राहिली. "सर, आकडा जास्त आला म्हणून तो खोटा ठरत न्हाय. काही माशांत आईकडं अदलाबदल जास्त असते, काहींत बापाकडं. अकराचं काय झालं ते मी शोधते. तोवर हिला कुणी हात लावायचा न्हाय."

तेवढ्यात गुणाबाई पुढं आली. पदराला हात पुसत म्हणाली, "सर, ती अकरा मी घातल्यात."

"काय?"

"अकरा मेलती. शेजारणीचं भांडं आपण रिकामं परत देतो व्हय? ह्या आक्कानं एकशे वीस माझ्या वटीत दिलती. मला कमी देववंना. म्हणून शेजारच्या हाप्यातली अकरा उचलली नि भरली."

साहेबांनी कपाळावर हात मारला. प्रियदर्शनीला आधी हसू आलं, मग डोळ्यांत पाणी. "मावशी, चूक माझीबी हाय. एकशे वीसातलं एकबी मेलं न्हाय, तवाच मला शंका याय पायजे होती."

तिनं त्या अकरा बाटल्यांतल्या खुणा शेजारच्या हाप्यातल्या पिलांच्या आईबापांशी लावून बघितल्या. अकराच्या अकरा जुळल्या. ती बाजूला काढून माझ्या एकशे नवांचा हिशेब पुन्हा मांडला. आईकडची अदलाबदल तरीही दीडपटच! आणि उवांना दाद न देणाऱ्या पिलांत एका धाग्याच्या एकाच टोकाच्या खुणा सारख्या निघाल्या, म्हणजे माझा तो गुण तिथंच होता. साहेबांनी तो कागद तीनदा वाचला आणि सोमवारची गाडी माझ्याविना गेली.

गुणाबाई अजून माझ्या टाकीवर येते. "चुकलं बाई माझं," म्हणते. मी तिच्यावर रागावलेली नाही. तिच्याएवढी माया मला कुणी लावली नाही. पण मित्रांनो, मला जे तिला सांगता येत नाही ते तुम्हाला ठणकावून सांगते. आम्हाला पाणी स्वच्छ द्या, जागा द्या, आणि आमच्याबद्दल लिहाल ते खरं लिहा. माझी अदलाबदल दीडपट असेल तर दीडपटच लिहा, कुणाला पटो न पटो. आणि पिलं कमी भरली तर कमी लिहा. त्या जागी दुसरीची आणून घालू नका. मेलेली अकरासुद्धा माझीच होती.