कोडेबाईंचा कॉम्प्युटर आणि दोन भाऊ

कोडेबाईंचं खरं नाव शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही धड आठवत नसे. बावीस वर्षं एका साप्ताहिकाला न चुकता शब्दकोडं पुरवणाऱ्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार? त्यांचे यजमान शाळेचे मुख्याध्यापक होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी सगळे त्यांना हेडसरच म्हणत आणि हेडसरांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

कोडेबाईंचा सगळा संसार खिडकीजवळच्या टेबलावर होता. त्या टेबलावर पंधरा वर्षांचा एक डेस्कटॉप कॉम्प्युटर होता. त्याच्या कीबोर्डवरची निम्मी अक्षरं पुसली गेली होती, पण बाईंच्या बोटांना ती पाठ होती. एका रविवारी त्यांनी ईमेल उघडायला घेतलं तर पडद्यावर पाटी आली. तुमची प्रणाली फार जुनी झाली आहे, यापुढे ही साईट इथे चालणार नाही. आणि कोडं तर गुरुवारी दुपारी बाराच्या आत साप्ताहिकाच्या कचेरीत ईमेलने पोचायला हवं होतं.

जावयांना फोन केला. ते म्हणाले, "आई, टाकून द्या ते धूड. छानपैकी टॅब्लेट घ्या."

"टॅब्लेट मी रक्तदाबाची घेते तेवढी पुरे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

आता उरले भाऊजी. म्हणजे हेडसरांचे धाकटे भाऊ. उभा जन्म त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला होता आणि निवृत्तीनंतर वाचनालयाचे जुने कॉम्प्युटर ते जिवंत करून देत. माणूस गुणाचा. अडचण एकच होती. दोघा भावांत चार वर्षं अबोला होता.

कारण ऐकलं तर कुणालाही हसू येईल. लेकीच्या लग्नात हेडसर दोन शब्द बोलायला उभे राहिले. चाळिसाव्या मिनिटाला ते लेकीच्या तिसऱ्या इयत्तेपर्यंत पोचले होते, तेवढ्यात माइक बंद पडला. प्लग भावानेच काढला, असं हेडसरांचं ठाम मत. प्लग तापला होता, आपोआप सुटला, असं भाऊजींचं म्हणणं. तेव्हापासून दोघं एकमेकांच्या घरी येत-जात, पण बोलत नसत. "तीन अक्षरी शब्द," बाई मैत्रिणींना म्हणायच्या, "दोन शहाण्या भावांचा आवडता उद्योग."

सोमवारी सकाळी भाऊजी हत्यारांची पिशवी घेऊन हजर झाले. हेडसर वर्तमानपत्रामागे गेले.

"वहिनी, बघूया पेशंट," असं म्हणत भाऊजींनी कॉम्प्युटरच्या डब्याची बाजू उघडली. आत धुळीची अशी करडी गादी जमली होती की मांजरीनेही खुशाल ताणून द्यावी.

वर्तमानपत्रामागून आवाज आला. "अगं, त्याला विचार, ते परत जोडता येणार आहे ना?"

"दादाला सांगा, वहिनी, मी बारा मजली लिफ्ट जोडल्यात."

"त्याला म्हणावं, त्यातली एक मधेच अडकली होती."

"दादाला म्हणावं, ती वीज गेल्यामुळे!"

बाईंची मान टेनिसच्या मॅचला बसल्यासारखी इकडून तिकडे होत राहिली. भाऊजींनी ब्रशने धूळ काढली, रॅमच्या पट्ट्या उपसून त्यांचे पितळी दात खोडरबराने घासले, शेजारी आणखी एक पट्टी बसवली. यंत्रातल्या घड्याळाचा सेल गेलेला होता, तोही बदलला. जुनी डिस्क कुरकुरत होती, तिच्या जागी दुसऱ्या दिवशी नवी बसवू म्हणाले.

मंगळवारी नवी डिस्क बसली आणि जुन्या यंत्रांना झेपेल अशी नवी प्रणाली त्यावर चढू लागली. पडद्यावरची पट्टी हळूहळू भरत होती. निरोपांची ने-आण काही थांबली नव्हती. "त्याला सांग, सावलीत काम करतोय, दिवा लाव." "दादाला सांगा, दिवा त्याच्याच हाताशी आहे." दुपारपर्यंत बाईंचा घसा बसला. दोघांचं बोलणं एका अक्षरानेही कमी झालं नव्हतं. फक्त ते सगळं बाईंच्या तोंडून जात होतं.

बुधवारी काय झालं कोण जाणे, बाईंनी पायांत चपला सरकवल्या.

"कुठे?" दोघांनी एकदमच विचारलं.

"धागा आणायला," बाई म्हणाल्या. त्यांना कसलाही धागा नको होता. "तासभर लागेल. चालू द्या तुमचं."

दार ओढून घेऊन त्या एक जिना उतरल्या आणि पायरीवर बसल्या. पाच मिनिटं वर चिडीचूप. बाईंना वाटलं, फसला बेत. दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले असतील. मग काहीतरी टणकन पडलं.

"अरे, स्क्रू गेला ना कपाटाखाली!"

हेडसरच होते ते. त्यांनी थेट भावाला "अरे" म्हटलं होतं.

"मग नुसता ओरडतोस काय, टॉर्च धर!"

"धरलाय! तू डोकं बाजूला घे!"

"डोळ्यांत नको, दादा, कपाटाखाली! लहानपणापासून तुझं हेच. दिवा धरायला सांगितला की माझ्या डोळ्यांत!"

"आणि तुझं? तुला माझं बोलणंच कधी ऐकवलं नाही. माइकचा प्लग तूच काढलास!"

बाईंनी कठडा घट्ट धरला.

"हो, काढला!" भाऊजी गरजले. "तुला बोलताना रडू येत होतं, दादा. तुझा आवाज फुटायला लागला होता. शाळेतली तुझी निम्मी जुनी मुलं समोर बसलेली. तुला ते चाललं असतं?"

यावर हेडसर काय म्हणाले ते खाली ऐकू आलं नाही. बराच वेळ नुसती कुजबुज चालली होती. मग हेडसर मोठ्याने म्हणाले, "सापडला. हा घे. आणि या वेळी टेबलावर सुटा ठेवू नकोस, या पेल्यात टाक." बाई पायरीवर बसून डोळे टिपत होत्या. वर जाणाऱ्या शेजारणीने काय झालं म्हणून विचारलं. "काही नाही, घरात भांडण चाललंय," बाई म्हणाल्या, इतक्या आनंदाने की शेजारीण दोन पायऱ्या भराभर चढली.

तासाने त्या आत गेल्या तेव्हा दोघंही पडद्यासमोर बसले होते. हेडसरांच्या बाहीला कोपरापर्यंत धूळ. बाईंना पाहताच ते खाकरले.

"अगं, त्याला सांग..." सवयीने सुरुवात झाली आणि मधेच थांबली. "म्हणजे, मीच सांगतो."

कॉम्प्युटर सुरू झाला होता, आणि तोही पूर्वीच्या निम्म्याहून कमी वेळात. बाईंच्या जुन्या फायलीही भाऊजींनी नव्या डिस्कवर उतरवल्या होत्या. बाईंनी हौसेने अर्धवट राहिलेलं कोडं उघडलं आणि त्यांचं तोंड उतरलं. चौकोनांत त्यांच्या अक्षरांऐवजी कंस, प्रश्नचिन्हं, डोक्यावर टिंब दिलेली कुठली कुठली परकी अक्षरं. दुसरं कोडं उघडलं, तेच. तिसरं, तेच. पंधरा वर्षांची कोडी म्हणजे नुसतं गिचमिड.

भाऊजी पांढरेफटक पडले. "वहिनी, तुम्ही जुन्या फाँटमध्ये टाईप करता. तो फाँट नव्या प्रणालीत नाही. माझ्या हे लक्षातच आलं नाही."

"अक्षरं गेली का?"

"गेली नाहीत. कपडे गेलेत त्यांचे. तो फाँट मिळाला की परत येतील." ते पिशवीत हात घालून चाचपू लागले. "जुनी डिस्क मी टाकलेली नाही. नवा भाग चालेपर्यंत जुना टाकायचा नाही, लिफ्टमधली सवय." डिस्क तारेने जोडली. ती कुरकुरली, पण उघडली. आत दोनशेच्या वर फाँट, आणि एकाच्याही नावावरून काही बोध होईना. कचेरीलाही मजकूर याच फाँटमध्ये लागे, त्यामुळे दुसरा लावून भागणार नव्हतं.

"एकेक लावून बघायचा," हेडसर म्हणाले आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली. चाळीस वर्षं पेपर तपासलेला माणूस तो. भाऊजी एकेक फाँट लावत आणि हेडसर चष्म्यावरून बघून निकाल देत. "नापास. नापास. हा बरा आहे, पण वेलांटी उलटी. नापास." बुधवारी संध्याकाळपर्यंत ऐंशी नापास झाले. मधेच भाऊजींना डुलकी लागली तर हेडसरांनी टेबलावर पट्टी आपटली.

गुरुवारी सकाळी सव्वाअकरा वाजता एकशे त्रेचाळिसावा उमेदवार आला आणि पडद्यावर बाईंची अक्षरं लख्ख उभी राहिली.

"पास!" हेडसर ओरडले. "पहिल्या श्रेणीत!"

"तुम्ही दोघं उठा आता तिथून," बाई म्हणाल्या. त्यांनी खुर्चीवर बसून राहिलेले पाच शब्द भरले. शेवटच्या उभ्या शब्दाला सूचक वाक्य सुचेना, तर दोघं भाऊ दोन्ही खांद्यांवरून डोकावत सुचवू लागले आणि दोघांचं एकमेकांशी पटेना. बाईंनी दोघांचंही ऐकलं नाही. बाराला आठ मिनिटं असताना कोडं गेलं. कचेरीतून उत्तर आलं, मिळालं, व्यवस्थित दिसतंय.

शुक्रवार शांततेत गेला. फार शांततेत. शनिवारी हेडसर टेबलाभोवती तीनदा घुटमळले.

"अगं, याचा पंखा आवाज करतोय का?"

बाईंनी कान लावला. यंत्र इतकं गप्प चाललं होतं की चालू आहे की नाही हे दिवा बघून ठरवावं लागे.

"करतोय थोडा," त्या म्हणाल्या. "भाऊजींना फोन करू?"

"तू कशाला? मी करतो ना."

अर्ध्या तासात भाऊजी आले. त्यांनी डबा उघडला, पंख्याला कान लावून गंभीर चेहऱ्याने बराच वेळ ऐकलं आणि मग भावाकडे वळून म्हणाले, "आहे, दादा. आवाज आहे. दोन-तीन दिवस यावं लागेल मला."