माझी खोटी शाबासकी

मित्रांनो, आधी चूक कबूल करते, ओळख मग सांगते. कितीतरी डॉक्टरांच्या हातांना मी चुकीचं वळण लावलं आणि वर मिरवत राहिले.

मी रबराची एक जुनी बाहुली आहे, दोन-तीन महिन्यांच्या बाळाएवढी. खेळातली नव्हे हं. डॉक्टरकीच्या कॉलेजात सरावाची एक खोली आहे, तिथल्या टेबलावर मी असते. बाळाचं हृदय थांबलं तर छाती कशी दाबायची, हे विद्यार्थी माझ्यावर शिकतात. दोन्ही हातांच्या कवेत बाळ धरायचं, दोन अंगठे छातीच्या मधोमध ठेवायचे आणि दाबायचं. छाती तिसरा हिस्सा आत गेली, की माझ्या आतली स्प्रिंग वाजते, टक्. म्हणजे शाबास, बरोबर. कमी दाबलं तर मी गप्प.

नवी होते तेव्हा मी भारी कडक होते. विद्यार्थ्यांना घाम फुटायचा, तरी मी ढिम्म. 'खडूस बाई' म्हणायचे मला. मग वर्षं गेली, हजारो अंगठे माझ्यावरून गेले आणि स्प्रिंग सैल झाली. अर्ध्याच दाबाला वाजू लागली. मला ते कळत होतं, खोटं कशाला बोलू? पण तेव्हापासून मुलं माझ्या टेबलाशी रांग लावू लागली. शेजारची नवी बाहुली रिकामी पडलेली असायची आणि परीक्षेला सगळ्यांना मीच हवी. 'ही आपली लाडकी, लगेच पास करते,' म्हणायचे. लाड कुणाला नको असतात? मी हुरळून गेले.

वर्षातून एकदा आम्हाला उघडून तपासायचा नियम होता. भांडारातले काका यायचे, मला उलटं करायचे, तळपायावर 'तपासली' अशी चिठ्ठी डकवायचे आणि चहाला जायचे. अशा सात चिठ्ठ्या आहेत माझ्या तळपायावर, एकीवर एक. पाठीचा स्क्रू मात्र एकदाही फिरला नाही.

त्या मुलांत एक मुंगी होती. हे चिडवायचं नाव. अंगाने एवढीशी आणि सदा कामात. ती डॉक्टरकीची शेवटची परीक्षा पास झाली, इंटर्नशिप संपत आली आणि तिला हवी होती तीच जागा मिळाली, बालरोग विभागात निवासी डॉक्टरची. पंधरा दिवसांनी रुजू व्हायचं होतं. रोज दुपारी ती सरावाला यायची आणि मी रोज तिला शाबासकी द्यायचे.

एके दुपारी ती आली ती पांढरीफटक होऊन. मागोमाग मोठ्या सिस्टर आल्या. ही खोली आणि बाळांचा वॉर्ड, दोन्हीकडे त्यांचीच देखरेख. सकाळी वॉर्डात एका बाळाचं हृदय थांबलं होतं. जवळ मुंगीच होती. तिने छाती दाबायला घेतली, पण काही फरक पडेना. शेवटी सिस्टरांनी तिला बाजूला सारून स्वतः दाबलं. बाळ वाचलं, थोडक्यात.

मुंगीने मला धरलं. मी मनात म्हणत होते, वाजू नकोस गं, आज तरी वाजू नकोस. पण सैल स्प्रिंगला कुठली लाज? टक्. टक्. टक्.

"बघा सिस्टर," मुंगी म्हणाली, "इथे बरोबर जमतं. म्हणजे हात शिकलेत, पण खरं बाळ समोर आलं की मीच कच खाते. मी ही जागा सोडतेय."

तिने तिथूनच आईला फोन करून तेच सांगितलं. आईचं बोलणं मलाही ऐकू आलं. "सोडायची तर सोड. पण सकाळपासून पोटात काही गेलंय का? रिकाम्या पोटी असले निर्णय घेऊ नयेत, बाळा."

मुंगी रडू लागली. मला तोंड आहे, पण ते फक्त मुलांना श्वास फुंकायचा सराव करण्यापुरतं. तुझी नाही, माझी चूक आहे, एवढंसुद्धा मला सांगता आलं नाही.

सिस्टर मात्र माझ्याकडे बघत होत्या. "परत दाब," त्या म्हणाल्या आणि टेबलाच्या पातळीवर डोळे आणून वाकल्या. मग मुंगीला थांबवून त्यांनी नुसती करंगळी माझ्या छातीवर दाबली. टक्.

"अगं, ही तर करंगळीलाही हो म्हणतेय. हिला काय विचारतेस तू?"

त्यांनी माझी पाठ उघडली. सैल स्प्रिंग बोटाने हलवून बघितली. मग सिस्टर म्हणाल्या, "पाच वर्षं ही खोली माझ्याकडे आहे. मी चिठ्ठ्या मोजत आले, आत नाही बघितलं. तू कच खाल्ली नाहीस, मुंगे. तुला आम्ही शिकवलंच चुकीचं."

मुंगीने जागा सोडली नाही. ती नव्या बाहुलीवर सराव करू लागली. ती बाहुली पहिले तीन दिवस एकदाही वाजली नाही. मुंगीचे अंगठे सुजले. चौथ्या दिवशी टक् ऐकू आलं, आणि मित्रांनो, मला हेवा नाही वाटला, हायसं वाटलं.

पण त्याआधी, त्याच दुपारी, तिने परीक्षेचं हजेरीपत्रक मागवून घेतलं होतं. माझ्यावर शिकून गावोगाव गेलेल्या प्रत्येकाला तिने माझ्याच टेबलाशी बसून फोन लावला. "आपल्या लाडक्या बाहुलीने फसवलंय. आपले हात कमी दाबतात. आजच दुसऱ्या बाहुलीवर बघ." कुणी हसले, कुणी आभार मानले.

म्हणून सांगते, जी वस्तू तुमच्या फार आवडीची आहे, तिला अधूनमधून उघडून बघत जा. नुसत्या चिठ्ठीवर भागवू नका. आणि कुणी फारच पटकन शाबास म्हणालं, तर आणखी एकदा करून बघा.

फोनवर एका मुलाने एवढंच विचारलं, "कधीपासून बिघडलीय ती?"

"तीन-चार वर्षं तरी झाली असतील," मुंगी म्हणाली.

"म्हणजे तेव्हाही," तो म्हणाला. मग त्याने फोन ठेवला. त्याच्या हाताखाली कोणतं बाळ होतं, मला माहीत नाही. मी खडूसच राहिले असते, तर त्याला तो प्रश्न विचारावा लागला नसता.