अच्युतच्या नावाची छाती

इंदिराचं लग्न झालं ते साल १९३१. त्याच उन्हाळ्यात तिचा धाकटा भाऊ अच्युत मॅट्रिक पास झाला, आणि मांडवाचे बांबू उतरतात न उतरतात तोच ठोंबऱ्यांच्या घरात नागपूरच्या शेतकी कॉलेजच्या अर्जाची धांदल सुरू झाली. हेडमास्तरांचा चालचलणुकीचा दाखला मिळाला, जन्मतारखेचा मिळाला. उरला डॉक्टरचा. वसतिगृहात राहायचं तर छाती निरोगी असल्याचं सरकारी डॉक्टरानं लिहून द्यावं लागे.

तिथं पोरांची आई राधाबाई अडल्या. त्यांचे यजमान बाबाराव क्षयानंच गेले होते. अच्युत काडीसारखा, त्यात पहाटे खोकायचा. तो खोकला कानावर आला की राधाबाई चुलीपुढे भाकरी हातात तशीच धरून बसत.

थोरला तुळशीराम ओमती मोहल्ल्यातल्या लाकडाच्या टालीवर, म्हणजे वखारीत, ओंडके उचलणारा गडी. बापाच्या आजारात शिकणाऱ्या पोराला झळ नको म्हणून अच्युतला दूर मदन महालच्या वस्तीत मामाकडे ठेवलं होतं. बापाला उचलून बसवणं, थुंकीचं भांडं धुणं, उशाशी निजणं, सगळं तुळशीरामनं केलं. अलीकडे संध्याकाळी त्याचं अंग कढत लागे. टालीवरचं ऊन बाधलं असेल म्हणून तो कोणाला बोलला नव्हता.

"तुळशा, डॉक्टरकडे तूच जा," राधाबाई म्हणाल्या. "नवीन आलाय तो. त्याला काय ठाऊक अच्युत कोणता."

"आई, ही चोरी झाली," अच्युत म्हणाला.

"चोरी काहून? छाती घरचीच आहे ना?"

तुळशीराम हसला. "चलो, डोकं तर कधी कॉलेजात गेलं नाही, छाती तरी जाऊ दे."

सिविल लाइंसमधल्या दवाखान्यात कंपाउंडरनं पुकारलं, "अच्युत ठोंबरे!" तुळशीराम बसूनच राहिला. दुसऱ्या हाकेला दचकून उठला.

डॉक्टर म्हातारे होते. नळी लावून ऐकू लागले. आधी भराभर, मग सावकाश. पाठीवर डाव्या खवाट्याखाली एका जागी थांबले, दुसरीकडे गेले, पुन्हा तिथंच आले. बोटांनी ठोकून पाहिलं.

"शाम को बुखार आता है?"

"आता है जी," तो बोलून गेला.

"घर में किसी को ये बीमारी थी?"

तुळशीरामनं होकारार्थी मान हलवली. डॉक्टरांनी नळी काढून टेबलावर ठेवली. "बेटा, कॉलेज भूल जाओ. आराम करो, दूध पियो, खुली हवा में सोओ. कागज मैं कल की डाक से खुद भेज दूँगा."

घरी राधाबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या. "झालं का रे?"

"कागद उद्या टपालात जाते म्हणून राहिले डॉक्टर," तो म्हणाला. खोटं नव्हतं ते. त्यांनी हातावर साखर ठेवली. ती त्यानं खाल्ली आणि म्हणाला, "माझं ताट आजपासून वेगळं ठेव."

"काहून रे?"

"टालीची घाण असते अंगाला."

सकाळी त्यानं अच्युतला उठवलं. "चल, तुझं एक काम राहिलं." रस्ताभर तो चार पावलं मागं चालत राहिला. अच्युत थांबला की तोही थांबे.

दवाखान्यात शिरताच त्यानं हात जोडले. "साहब, कल मैं झूठ बोला. अच्युत ये है. मैं बड़ा भाई हूँ."

डॉक्टर उसळले. "जेल भिजवा सकता हूँ, मालूम है?"

"भिजवा दीजिए. पहले इसको देख लीजिए."

डॉक्टरांनी टेबलावरची नळी उचलून कानाला लावली. मग त्यांनी अच्युतला सदरा काढायला सांगितलं. तुळशीराम दाराची चौकट धरून उभा होता. बाहेर कोणाचं तरी लेकरू रडत होतं, पण त्याचे कान त्या नळीवर होते, जणू तिच्यातून त्यालाही ऐकू येणार होतं.

"गले की खाँसी है," शेवटी डॉक्टर म्हणाले. "फेफड़े साफ हैं." कालचा कागद त्यांनी फाडला आणि नवा लिहिला.

अच्युतला हसू फुटलं. सदऱ्याच्या गुंड्या लावत तो म्हणाला, "उगीच भीत होतो आपण! मी कालच आलो असतो तर..." आणि बोलता बोलता थांबला. वरची गुंडी तशीच राहिली.

"दादा, फाडला त्या कागदात काय होतं?"

"अर्ज पुरा कर."

"दादा, छाती तर तुझी पाहिली होती ना काल?"

"टपाल निघून जाईल, अच्युत. आजचं टपाल चुकलं तर सगळंच पाण्यात." तुळशीरामनं त्याच्या खांद्यावर ठेवायला हात उचलला आणि मागं घेतला. "आईला एवढंच सांग, दाखला मिळाला."

अच्युतचा अर्ज त्या दिवशी गेला, आणि आषाढात कॉलेजात त्याचं नावही लागलं. तुळशीराम बाबाराव ठोंबरे १९३२ च्या माघात ओमतीच्या घरी क्षयानं वारला. तो एकवीस वर्षांचा होता.