नजीहाच्या हातून निसटलेली तेलवाटी

मी एक जुनी तेलवाटी आहे, मित्रांनो. काठावरचा हा टवका दिसतोय ना? ती माझ्या अपराधाची खूण आहे.

जेर्बा बेटावरच्या कुंभाराने मला घडवले आणि समुद्राकाठच्या महदिया गावातल्या एका कोळ्याच्या घरी मी आले. घरची म्हातारी मन्नूबिया. सगळे तिला मानाने लल्ला म्हणत. ती अर्धांगाने अंथरुणाला खिळली, तेव्हापासून माझे खरे काम सुरू झाले. दुपारची नमाज झाली, की सून नजीहा मला शेगडीच्या कडेला ठेवी. पहिल्या घाण्याचे जैतुनाचे तेल कोमट होई. मग मला डाव्या तळहातावर घेऊन, अल्लाहचे नाव घेत, ती सासूचा लुळा पाय चोळत बसे. "हीसुद्धा माझी इबादतच," ती म्हणे.

पण एक गुपित फक्त मला ठाऊक होते. चोळता चोळता नजीहाचे आवळलेले खांदे खाली येत. सकाळपासूनचे ठणकणारे डोके शांत होई. गाणाऱ्याबरोबर टाळ धरणाऱ्यालाही अभंग चढावा ना, तशी तिची तंद्री लागे.

एके दिवशी त्या तंद्रीत तिचा हात सैल पडला आणि मी निसटले. टवका उडाला, तेल चटईभर झाले. नेमकी नणंद रफीका दारात!

"वा गं वहिनी! आई लोळागोळा होऊन पडलीय, नि तू डुलक्या घेतेस? चेहरा तर असा, जणू आत्ताच हमामातून न्हाऊन आलीस!"

नजीहा खाली वाकून चटई पुसू लागली. तिच्या मनाने मात्र घेतले, की ज्या सेवेत आपल्यालाच सुख मिळते, ती अल्लाहपर्यंत पोचतच नाही. दुसऱ्या दिवसापासून ती उकिडवी बसू लागली आणि दात आवळून, करपलेले पातेले घासावे तसा तो पाय घासू लागली. मी सगळे पाहत होते. मी त्या दिवशी घट्ट राहिले असते तर!

आठवड्याभरात म्हातारीचा पाय आखडला. ती बोबड्या जिभेने म्हणाली, "पोरी, कसला राग काढतेस गं माझ्यावर?"

नजीहाला रडू फुटले. "राग नाही, लल्ला. तुमचा पाय चोळताना मलाच बरं वाटायचं. तुमच्या दुखण्यातून मी आराम चोरला. पाप लागेल मला."

"अगं खुळे, भट्टीत भाकरी थापणारीच्या हाताला ऊब लागतेच. म्हणून काय ती भाकरीचोर? तुझा श्वास लांब झाला, की माझाही व्हायचा. तेव्हाच तर डोळा लागायचा माझा! नीट मांडी घालून बस. आणि डुलकी आली तर खुशाल घे!"

पुढच्या शुक्रवारी रफीका आली आणि दारातच थबकली. सासू झोपली होती, आणि तिच्या पायावर हात ठेवून सूनही. मागचे टोमणे आठवून रफीकाचा चेहरा उतरला. नजीहाच्या सैल तळहातावरून तिने मला अलगद उचलले आणि भिंतीशी ठेवले.

टवका काही भरून येत नाही, मित्रांनो. पण सेवा करणाऱ्याच्या चेहऱ्यावर कधी समाधान दिसले, तर त्याला हटकू नका. त्याच्या हातातली वाटी तेवढी हलकेच काढून ठेवा.