दारात अनोळखी व्यक्ती आहे

अंबिकाबाईंना यंत्राची भीती? छे! जिनं उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून केली, अख्ख्या मराठवाड्याचे ट्रंक कॉल जोडले, तिला नव्या वस्तूची भीती कुणी घालू नये. बाजारात काही नवीन निघालं, की औरंगपुऱ्यातल्या त्यांच्या गल्लीचं लक्ष आधी अंबिकाबाईंच्या तोंडाकडं लागायचं. तेलाशिवाय तळणारं भांडं आलं, तेव्हा "ह्यातली भजी म्हणजे आजाऱ्याचा नाश्ता" असा निकाल त्यांनी दिला आणि गल्लीनं तो मान्य केला. मोबाइलवर विचारलं की उत्तर देणारं ते एआय आलं, तर त्याला त्यांनी पुरणपोळीची कृती विचारली, दोन चुका काढल्या आणि त्याच्याकडून माफी वदवून घेतली.

पण मुलानं पुण्याहून जी बेल पाठवली, तिनं मात्र बाईंच्या डोक्याला ताप दिला.

झालं असं. चिन्मय हा त्यांचा एकुलता एक. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. वडील, मधुसूदनराव, गेल्यापासून त्याचं एकच टुमणं, आई, इकडं ये. एक दिवस तो व्हिडिओ कॉलवर बोलत होता आणि बोलता बोलता थबकला.

"आई, तुझ्या मागं सोफ्यावर कोण बसलंय?"

"कडुबा. पिशोरचा. दरवर्षी ज्वारी आणतो ना आपल्याकडं, तोच. चहा पितोय."

"आणि दार उघडंच?"

"दिवसा उघडंच असतं की. बंद करून आत काय नोटा छापायच्यात?"

कडुबा खो खो हसला. चिन्मय हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. परवाच बाजारात आलेली एक बेल तो पाठवणार होता. तिला कॅमेरा, ती मराठीत बोलते, दारात कोण आलं ते सांगते आणि लगेच त्याच्या मोबाइलवर कळवते. "दोन महिने बघू, आई. तरी मला घोर लागून राहिला, तर फ्लॅट विकायचा आणि तू इकडं यायचं. गिऱ्हाईक तयार आहे."

"पाठव तुझी बेल. बघू कोण जिंकतं," बाई म्हणाल्या. आवाज ठणठणीत होता. फोन ठेवल्यावर मात्र त्यांना पुणं आठवलं. पुण्याला त्या महिनाभर राहून आल्या होत्या. सून मृण्मयी गुणाची, उगाच नावं कशाला ठेवा. पण अकरावा मजला. समोरच्या दाराआड कोण राहतं, हे महिन्यात कळलं नाही. इथलं घर सुटलं की आपण नुसत्या औषधाच्या वेळा सांभाळत बसणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बेल बसवायला खालच्या मजल्यावरचा अन्सार आला. त्याचं लाइटच्या सामानाचं दुकान. स्क्रू घट्ट केला, वायफाय जोडलं आणि कौतुकानं बेलसमोर उभा राहिला. बेल गोड आवाजात म्हणाली, "नमस्कार. दारात अनोळखी व्यक्ती आहे."

"अरे वा रे वा! मैंच लगाया तेरे को, और मैंच अनोळखी?" अन्सारनं स्क्रूड्रायव्हर उगारला.

मग काय, जो येईल तो अनोळखी. अन्सारची बायको कहकशा ब्लाऊज शिवायची आणि सुई अडली तरी वर यायची. ती पदर सारखा करून बेलला सलाम करायची, तरी अनोळखी. इस्त्रीवाला अनोळखी, भाजीवाल्या लीलाबाई अनोळखी. हद्द म्हणजे खुद्द अंबिकाबाई दळण घेऊन जिना चढल्या, तर त्यांच्याच दारात त्यांनाच, "नमस्कार. दारात अनोळखी व्यक्ती आहे."

"मेले, कर्ज फेडून घेतलंय हे घर!" बाई कडाडल्या.

तिकडं पुण्यात दर खेपेला चिन्मयचा मोबाइल वाजे. मग त्याचा इकडं फोन. "आई, कोण होतं?" "कहकशा." "आता?" "कहकशाच. चहापत्ती विसरली होती." "आणि आता?" "आता मी आहे रे बाबा, मी!"

इथवर सगळं हसण्यावारी जात होतं. मग कडुबा आला. हिरव्या हरभऱ्याचे टहाळे खांद्यावर, बाईंना आवडतात म्हणून आणलेले. बेल बोलली आणि तो पायरीवरच थांबला.

"ये ना आत," बाई म्हणाल्या.

"नाय, काकू. घरानंच अनोळखी म्हटलं तर कसं यावं?" तो हसून बोलला खरा, पण टहाळे उंबऱ्यावर ठेवले आणि टोपी हातात घेऊन पायरीवर बसला. "साहेब होते तवापासून येतोय मी. आता बसतो इथंच. इथंबी बरं वाटतंय."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. कडुबा अनोळखी! मधुसूदनराव ज्या दुपारी स्वयंपाकघरात कोसळले, त्या दुपारी बाईंच्या तोंडून धड हाकसुद्धा निघाली नव्हती. नुसतं भांडं पडल्याचा आवाज झाला होता. दार उघडं होतं म्हणून तो खाली कहकशाच्या कानावर गेला. अन्सार धावत वर आला. त्यानं आणि नेमका तेव्हाच जिना चढत असलेल्या कडुबानं साहेबांना उचलून खाली नेलं. साहेब वाचले नाहीत. पण शेवटी ते माणसांच्या हातात होते, बंद दाराआड नव्हते. बाई दार उघडं ठेवतात ते त्यासाठी. चिन्मयला हे कधी सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं असतं, आपण नव्हतो म्हणून आई टोमणा मारते.

त्यांनी चष्मा चढवला आणि बेलबरोबर आलेलं बारीक अक्षरांचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचून काढलं. उत्तर सापडलं. बेलला माणसं शिकवता येत होती. फक्त फोटो दाखवून भागत नव्हतं. चोर फोटो दाखवतील म्हणून कंपनीनं ती सोयच ठेवली नव्हती. माणसानं स्वतः दारात यायचं, वेगवेगळ्या दिवशी, पाच वेळा. एका दिवसात पन्नासदा आला तरी एकदाच धरणार. पाचव्या खेपेला बेल विचारणार, ह्या व्यक्तीचं नाव काय?

"एवढंच ना?" बाई म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

गल्लीत निरोप गेला. रोज एकदा अंबिकाबाईंच्या दारात तोंड दाखवून जायचं, कारण असो नसो. कारण नसताना येणं गल्लीला नवीन नव्हतंच. इस्त्रीवाला कपड्यांशिवाय आला. लीलाबाई "आज भाजी नाय, नुसतं तोंड आणलंय" म्हणत आल्या. कहकशा भाचीच्या वलीम्याला, म्हणजे लग्नानंतरच्या जेवणाला, निघाली होती, तर तेवढा मेकअप करून वर आली आणि बेलनं चार दिवसांची ओळख एका झटक्यात विसरून तिला पुन्हा अनोळखी ठरवलं.

"तोंड धुऊन ये," बाई म्हणाल्या.

"दोन हजार का मेकअप है, काकू! उद्या येते."

कडुबा लांबचा. दर बाजाराला शहरात आला की आधी जिना चढायचा, टोपी काढायचा, ताठ उभा राहायचा आणि पायरीवरूनच परत जायचा. पाचव्या खेपेला बाईंनी त्याचं नाव घातलं आणि त्याला खाली जाऊन पुन्हा वर यायला लावलं.

"नमस्कार. कडुबा आले आहेत."

कडुबा ऐकतच राहिला. मग म्हणाला, "काकू, आणखी एकदा जाऊ का खाली?" तीनदा गेला. तिसऱ्यांदा मात्र सरळ आत आला आणि सोफ्यावर आपल्या नेहमीच्या कोपऱ्यात टेकला. बाईंनी चहात दूध जरा जास्तच घातलं.

आता चिन्मयच्या मोबाइलवर अनोळखी कुणी दिसेना. बाईंना वाटलं, आपण जिंकलो. पण गडी हटून बसलेला.

"आई, कहकशा आल्या, लीलाबाई आल्या, अन्सार आले, परत कहकशा आल्या. हे घर आहे का बस स्टँड? मला मीटिंगमध्ये लाज वाटते. दोन महिने झाले. शनिवारी येतो. बारा वाजता गिऱ्हाईक घर बघायला येईल."

"अरे, पण अनोळखी कुणी आलं का एक तरी?"

"तो मुद्दा नाही. येतो मी."

शनिवारी सकाळी बाईंनी पहिल्यांदाच दिवसाढवळ्या दार लावून घेतलं. त्यालाच बंद दार हवं होतं ना, मग घे. चूल, म्हणजे गॅस, पेटवला, त्याच्या आवडीची वांगी केली आणि मीठसुद्धा नेमकं पडलं.

चिन्मय जिना चढून आला. गेल्या दिवाळीनंतर पहिल्यांदाच. बंद दार बघून त्याला बरं वाटलं. त्यानं केस सारखे केले आणि कॅमेऱ्याकडं बघून ऐटीत बेल दाबली.

"नमस्कार. दारात अनोळखी व्यक्ती आहे."

त्याच क्षणी त्याच्या खिशातला मोबाइल वाजला. त्यानं काढून बघितला. पडद्यावर त्याचाच फोटो, खाली तांबड्या अक्षरांत तेच वाक्य.

"अगं, मी आहे! आई!" त्यानं परत दाबली. परत तेच. तेवढ्यात मागून कहकशा डबा घेऊन आली.

"नमस्कार. कहकशा आल्या आहेत."

चिन्मय बाजूला सरकला. कहकशाला हसू आवरेना, पण तिनं आवरलं. "काकू, दरवाजा खोलो," तिनं हाक दिली, "घर के मेहमान आए हैं."

बाईंनी दार उघडलं. लेकाचा चेहरा उतरला होता. "आई, हिला सांग मी कोण आहे ते. पैसे मी भरलेत, ॲप माझ्या नावावर आहे."

"फोटो चालत नाही, चिनू. स्वतः यावं लागतं. पाच वेळा, वेगवेगळ्या दिवशी. कडुबा पिशोरहून आला पाच वेळा."

"आत्ता करतो की." तो खाली गेला, वर आला. खाली गेला, वर आला. चौथ्या चकरेला धापा टाकत पायरीवर बसला, बरोबर कडुबा बसायचा तिथं. कहकशानं पाण्याचा पेला पुढं केला. त्यानं तो घेतला आणि पहिल्यांदाच तिच्याकडं नीट बघितलं.

"भाभी, बाबांच्या वेळी अन्सारच धावत आले होते ना वर? मला कधी कुणी सांगितलं नाही, तुम्हाला कळलं कसं ते."

"दार उघडं होतं, भैया," कहकशा म्हणाली. "भांडं पडलं, ऐकू आलं. बंद होतं तर कसं ऐकू येतं?"

चिन्मयनं वळून उघड्या दाराकडं बघितलं. पेला हातात तसाच. बाई दारात उभ्या होत्या. स्वयंपाकघरातून वांग्याचा खमंग वास येत होता. मग त्याचा मोबाइल वाजला. गिऱ्हाईकाचा होता.

"हां, बोला. नाही, येऊ नका," तो म्हणाला. "नाही, किमतीचं नाही हो. घर नाही विकायचं. मला अजून चार वेळा यायचंय इथं."

बाईंनी पदर डोळ्याला लावला आणि लगेच, "चल, वांगी गार होतायत," म्हणून आत वळल्या. दार त्यांनी लावलं नाही.

संध्याकाळी निघताना चिन्मय उंबरा ओलांडून थांबला. वळला. चष्मा काढला आणि बेलसमोर ताठ उभा राहिला.

"आई, आजचं धरलं ना हिनं?"

"धरलं," अंबिकाबाई म्हणाल्या. "एक झालं."